‘हक्क आपल्या संस्कृतीतले नव्हेत’ म्हणणाऱ्या मेसेजला गोव्यातून उत्तर

१० डिसेंबर, म्हणजे मानवी हक्क दिन, जवळ आला की दरवर्षी एक लांबलचक मराठी मेसेज फिरायला लागतो. यंदा तो गावच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला आणि शेवटी घरच्या ग्रुपवर काकांनीही टाकला. त्यात म्हटले आहे ते थोडक्यात असे: मानवी हक्क ही गोऱ्या देशांची कल्पना, १९४८ साली त्यांनी लिहिली आणि आपल्यावर लादली. आपल्याकडे हक्क नव्हते, कर्तव्ये होती. गोव्यात गांवकरीच्या, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळण्याच्या, काळी सगळे गुण्यागोविंदाने नांदत. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांनी आपल्याला माणुसकी शिकवू नये. प्रत्येक संस्कृतीचा न्याय वेगळा, त्यात बाहेरच्यांनी बोलू नये. आणि शेवटी, हक्क आले आणि घरे फुटली.

काका मला वडिलांच्या जागी आहेत. ग्रुपवर चारचौघांत त्यांच्याशी वाद घालणे मला प्रशस्त वाटले नाही. पण हा मेसेज सोडून द्यावा असाही नाही. त्याला हात जोडणाऱ्यांत बरेचजण असे आहेत, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी हक्क नसणे म्हणजे काय ते जन्मभर भोगले. म्हणून एकेक मुद्दा घेऊन इथे लिहिते.

‘१९४८ साली गोऱ्या देशांनी लिहिले, आपले तिथे कोणीच नव्हते.’

हे साफ चूक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष स्वतंत्र आणि समान जन्मतात’ अशा अर्थाचे वाक्य होते. तिथे ‘सर्व माणसे’ असा बदल झाला तो हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. सुरतेत जन्मलेल्या आणि आपल्या घटना समितीच्या सदस्य असलेल्या हंसाबेन मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांना हा बदल आधी गरजेचा वाटत नव्हता. भारताच्याच लक्ष्मी मेनन यांनी स्त्री-पुरुष समानतेचा स्पष्ट उल्लेख हवा म्हणून भांडण केले. पाकिस्तानच्या शाइस्ता इक्रामुल्ला यांनी बालविवाह आणि जबरदस्तीची लग्ने डोळ्यांसमोर ठेवून विवाहाच्या कलमाची बाजू घेतली. मसुदा समितीत चीनचे पी. सी. चांग होते, लेबनॉनचे चार्ल्स मलिक होते, चिलीचे एर्नान सांता क्रूझ होते. नुसते पाश्चात्त्य विचार घेऊन चालणार नाही, कन्फ्यूशियसही वाचा, असे चांग तिथे बजावत होते.

त्याआधी युनेस्कोने जगभरच्या विचारवंतांना पत्रे पाठवून त्यांच्या परंपरेत माणसाच्या हक्कांविषयी काय म्हटले आहे ते विचारले होते. नागपूर विद्यापीठाचे प्रा. एस. व्ही. पुणतांबेकर यांनी हिंदू परंपरेच्या बाजूने उत्तर लिहिले. हिंसेपासून, दारिद्र्यापासून, शोषणापासून, अप्रतिष्ठेपासून, अकाली मृत्यू आणि रोगापासून मुक्ती ही पाच स्वातंत्र्ये, आणि त्यांच्या जोडीला सहिष्णुता, करुणा, ज्ञान, विचारस्वातंत्र्य, निर्भयता असे पाच गुण, ही त्यांची मांडणी. म्हणजे परंपरेत हे काही नाहीच, असे त्या परंपरेचा अभ्यास केलेला माणूस म्हणत नव्हता.

पॅरिसमध्ये जाहीरनाम्यावर मतदान झाले तेव्हा संयुक्त राष्ट्रांत ५८ देश होते. ४८ बाजूने, विरोधात एकही नाही, ८ तटस्थ. तटस्थांत सोव्हिएत रशिया आणि त्याच्या गोटातले देश होते, सौदी अरेबिया होता आणि दक्षिण आफ्रिका होती. सौदी अरेबियाचा एक आक्षेप धर्म बदलण्याच्या हक्काला होता. त्याच सभेत पाकिस्तानचे झफरुल्ला खान कुराणाचाच आधार देऊन त्या हक्काच्या बाजूने बोलले. दोघेही मुसलमान देशांचे. मग इस्लामी संस्कृतीचे मत कोणते धरायचे, या प्रश्नाला मेसेज लिहिणाऱ्याकडे उत्तर नाही. हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

मेसेजमधले एवढेच खरे की तेव्हा निम्मे जग पारतंत्र्यात होते आणि त्याला कोणी विचारले नव्हते. गोवाही त्यातच. पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत आला तो १९५५ च्या डिसेंबरात. पण लादले गेले असते, तर ज्यांच्यावर लादले त्यांनीच ते हत्यारासारखे हातात घेतले नसते.

‘आपल्याकडे कर्तव्य आहे, हक्क नाही. गांधीजींनीच तसे लिहिले आहे.’

गांधीजींनी लिहिले, हे खरे. २५ मे १९४७ रोजी युनेस्कोचे प्रमुख ज्युलियन हक्सले यांना पाठवलेल्या छोट्या पत्रात ते म्हणतात की सगळे हक्क नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून येतात, हे मी माझ्या अडाणी पण शहाण्या आईकडून शिकलो. मेसेज इथेच थांबतो. पण कर्तव्य कोणाचे आणि कोणाप्रति, हेही त्याच पत्रात आहे: जगण्याचा हक्कसुद्धा जगाचे नागरिक म्हणून कर्तव्य केल्यावर मिळतो, असे ते लिहितात. जातीचे कर्तव्य, कुळाचे कर्तव्य, धन्याचे कर्तव्य असे त्यात काही नाही. आणि हा माणूस दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांच्या हक्कांसाठी तुरुंगात गेला, मिठावरच्या कराविरुद्ध दांडीपर्यंत चालला. गांधीजींच्या आयुष्यातले एक पत्र घ्यायचे आणि बाकीचे आयुष्य बाजूला ठेवायचे, हे बरे नव्हे.

आता कर्तव्य म्हणजे काय, ते गोव्यातल्या माणसाला मी मुंडकाराच्या भाषेत सांगते.

माझी आजी बार्देशातल्या एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात (नारळीच्या बागेत) मुंडकार म्हणून राहायची, म्हणजे घर तिचे पण जमीन त्याची. मातीच्या भिंती, वर झावळ्या. भिंत पावसात कोसळली तर भाटकाराला विचारल्याशिवाय उभी करायची नाही. चिरा, म्हणजे जांभा दगड, तर लावायचाच नाही, कारण चिऱ्याची भिंत बांधली की मुंडकार तिथे कायमचा राहणार असा अर्थ निघायचा. पाडेली माडावर चढला की खाली पडलेले नारळ गोळा करून रास लावायची आणि ती भाटकाराच्या घरी पोचवायची. रात्री भाटाची राखण करायची. भाटकाराकडे लग्न निघाले, बारसे निघाले की हातातले काम टाकून जायचे, भांडी घासायची, पाणी भरायचे. त्याची मजुरी मागायची पद्धत नव्हती, कारण ते कर्तव्य. चूक झाली, किंवा चूक झाली असे भाटकाराला वाटले, की उद्या सकाळी घर खाली.

आमचा भाटकार स्वभावाने चांगला होता, असे आजी शेवटपर्यंत सांगायची. मला त्यावर संशय नाही. सगळे भाटकार क्रूर होते असे मी म्हणणारही नाही. पण तो चांगला होता म्हणून आमचे घर राहिले, एवढाच त्या घराचा पाया. त्याचा मुलगा तसा निघाला नसता तर? कर्तव्य सगळे एका बाजूला लिहिलेले होते. दुसऱ्या बाजूला कर्तव्य होते की नाही ते त्या बाजूच्या मर्जीवर.

मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, त्यात १९७६ साली शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी मिळण्याची वाट मोकळी झाली. मुंडकारांसाठी १९७५ चा कायदा आला. हुसकावून लावता येणार नाही, घराची दुरुस्ती करता येईल, वाट अडवता येणार नाही, घर आणि भोवतालची जागा विकत घेता येईल. आजोबांनी मामलेदाराकडे नाव लावले. मग चिऱ्याची भिंत उभी राहिली. काकांचा जन्म मातीच्या भिंतीतला, त्यांचे लग्न झाले ते चिऱ्याच्या घरात, आणि त्या घरातून आज त्यांना कोणी उठवू शकत नाही. हे मी काकांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. आमच्या कुटुंबात मानवी हक्क पॅरिसहून नव्हे, मामलेदार कचेरीतून आले, एवढेच त्यांना आठवावे. कितीतरी मुंडकारांची प्रकरणे आजही त्या कचेऱ्यांत पडून आहेत. कर्तव्याचे गोडवे गाणारे मेसेज त्यांच्यासाठी कोणी लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या घटनेत मूलभूत हक्क १९५० पासून आहेत. मूलभूत कर्तव्ये घटनेत आली ती १९७६ साली, ४२ व्या दुरुस्तीने. ते आणीबाणीचे दिवस होते, विरोधी नेते तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. ती कर्तव्ये वाईट आहेत असे नाही, त्यांतली बहुतेक मलाही पटतात. पण हक्क काढून घेतलेल्या माणसाला कर्तव्य शिकवणे सत्तेला फार सोयीचे जाते, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको.

मराठीत हक्कांचे बोलणे नव्हते, हे तर मराठी माणसाने म्हणूच नये. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ हे वाक्य पाठ नसलेला मराठी माणूस कुठे मिळेल? त्याच्याही आधी, १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त जोतीराव फुल्यांनी मांडले की स्त्री आणि पुरुष दोघेही जन्मतः स्वतंत्र आहेत आणि सगळे मानवी हक्क उपभोगायला पात्र आहेत. पुढे महाड. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती, परधर्माचे लोक पीत होते, फक्त अस्पृश्य हिंदूंना मनाई. त्याच वर्षी डिसेंबरात तिथेच दुसरी परिषद भरली, मनुस्मृती जाळली गेली आणि जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मांडला गेला. डॉ. आंबेडकरांनी त्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. तळ्याचा खटला मुंबई हायकोर्टात १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने संपला. पॅरिसचा जाहीरनामा यायला तेव्हा आणखी अकरा वर्षे होती.

‘गांवकरीत सगळे एकोप्याने नांदत.’

गांवकरी ही आपल्या गोव्याची मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही. पोर्तुगीज आले तेव्हा गावाची जमीन गाव मिळून सांभाळत होते, बांध घालत होते, मानशी, म्हणजे बांधातली पाण्याची दारे, राखत होते, देवळाचा खर्च चालवत होते. १५२६ साली पोर्तुगीजांनी त्या रिवाजांची सनद लिहून घेतली, पुढे तिला कोमुनिदाद म्हणू लागले. खाजण, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली, शेती टिकली ती या एकत्र कामामुळे. हक्क एकट्या माणसाचेच असतात असे मानणाऱ्यांनी गांवकरीकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पण गांवकर कोण? मूळ वसवणाऱ्यांचे पुरुष वंशज. जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, त्यांना, सभेत बसायचे त्यांनी, मत त्यांचे. गांवकराची मुलगी नाही. मुंडकार नाही. बांधावर चिखल वाहणारा नाही. एकोपा होता, तो सभेत बसलेल्यांचा. बाहेर उभे असलेल्यांना एकोपा वाटत होता का, ते कोणी लिहून ठेवले नाही. त्यांचे कोणी विचारलेच नाही, म्हणून ते लिहिलेले नाही.

‘ज्यांनी आपल्यावर राज्य केले ते आपल्याला माणुसकी शिकवणार?’

या वाक्यामागचा राग मला समजतो, तो माझाही आहे. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० ला आले आणि मधली थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत राहिले. १७३६ च्या त्याच्या फर्मानात बाटलेल्यांच्या घरी तुळस लावायला मनाई, धोतर नेसायला मनाई, चोळी घालायला मनाई, लग्नातली जुनी गाणी म्हणायला मनाई. माणूस घरात काय गातो, याचीसुद्धा चौकशी. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात छापायच्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉर होता, लग्नाची आमंत्रणपत्रिकासुद्धा आधी दाखवावी लागे.

पण म्हणून हक्क पोर्तुगीजांचे होतात का? उलट. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राम मनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी भर पावसात सभा घेतली, ती कशासाठी? नागरी स्वातंत्र्यासाठी. बोलू द्या, जमू द्या, छापू द्या. कर्तव्य शिकवा अशी मागणी तिथे कोणी केली नाही. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना त्याच वर्षी पकडले, लष्करी कोर्टापुढे उभे केले, आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमध्ये पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनाही हद्दपार केले. आग्वादच्या तुरुंगात गेलेले बहुतेक लोक साध्या घरांतले होते. त्यांना हक्क परके वाटले असते तर ते आत गेलेच नसते.

पाश्चात्त्य देश तेव्हा कोणाच्या बाजूने होते? १९४९ साली नाटो झाली तेव्हा सालाझारचा पोर्तुगाल संस्थापकांत होता. १८ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय फौजा गोव्यात शिरल्या होत्या तेव्हा, सुरक्षा परिषदेत भारताने मागे फिरावे या ठरावाच्या बाजूने अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स उभे होते. विरोधात सोव्हिएत रशिया होता, आणि त्याच्याबरोबर सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. आदल्याच वर्षी, १५ डिसेंबर १९६० रोजी, आमसभेने पोर्तुगालच्या वसाहतींची यादी ठरावात घातली होती आणि गोवा त्या यादीत होता. हा प्रांत नव्हे, वसाहत आहे, असे जगाने लिहून दिले. पाश्चात्त्यांनी हक्कांच्या बाबतीत दुटप्पीपणा केला, हे शंभर टक्के खरे. पण दुटप्पीपणा म्हणायला आधी एक माप लागते. ते माप टाकून दिले तर तक्रार कशाच्या आधारावर करायची?

‘प्रत्येक संस्कृतीचा न्याय वेगळा, बाहेरच्यांनी बोलू नये.’

हे वाक्य मेसेजमध्ये अस्सल भारतीय म्हणून आले आहे. जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असतानाच, १९४७ साली, अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने हीच शंका लेखी मांडली होती: प्रत्येक संस्कृतीची मूल्ये वेगळी, मग सगळ्यांसाठी एक जाहीरनामा कसा? त्यांचा हेतू चांगला होता, वसाहतवाद्यांची घमेंड त्यांना मोडायची होती. १९९९ साली त्याच संघटनेने हक्कांच्या बाजूने जाहीरनामा काढला.

या युक्तिवादाचा वापर कोणी केला ते पाहा. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवरच्या अन्यायाचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांत नेला. विजयालक्ष्मी पंडित बोलल्या. हा आमचा अंतर्गत मामला, बाहेरच्यांनी बोलू नये, हे उत्तर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांचे होते. ते सभेने मानले नाही, ठराव दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाला. वर्णभेदी राजवट पुढे म्हणत राहिली की प्रत्येक वंशाने आपापल्या वळणाने वाढावे, म्हणून वेगळे ठेवतो. सालाझारही तेच: गोव्याची संस्कृती वेगळी, ती पोर्तुगालचाच विस्तार, भारताने बोलू नये. हे वाक्य उच्चारताना आपण कोणाच्या रांगेत जाऊन उभे राहतो, ते तरी बघावे.

१९९३ साली बँकॉकमध्ये आशियाई सरकारांनी राष्ट्रीय आणि प्रादेशिक वैशिष्ट्यांची भाषा केली. त्याच्या आदल्याच आठवड्यात, त्याच शहरात, आशियातल्याच स्वयंसेवी संस्था जमल्या होत्या. संस्कृतीच्या नावाखाली स्त्रियांचे आणि कोणाचेही हक्क हिरावणाऱ्या प्रथा खपवून घेता येणार नाहीत, असे त्यांनी लिहिले. दोन्ही जाहीरनामे आशियाचे. एक राज्य करणाऱ्यांचा, एक त्यांच्याखाली राहणाऱ्यांचा.

फरक असतात, ते मी नाकारत नाही. १९८१ च्या आफ्रिकी सनदेत व्यक्तीच्या हक्कांबरोबर लोकसमूहाचे हक्क आहेत आणि माणसाच्या कर्तव्यांचे वेगळे प्रकरण आहे. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाने मिळून वापरायच्या जंगलावर गावाचा हक्क आहे. काणकोण-सांगेतल्या वेळीप-गावडा आदिवासींना तो कोणी युरोपातून आणून दिला नाही. कुमेरी (डोंगरावरची फिरती शेती), देवराई, डोंगरावरची वाट या त्यांच्याच जगण्यातल्या गोष्टी त्या कायद्याच्या भाषेत बसतात. प्रत्येक समाज हक्क आपल्या मातीत रुजवतो. रुजवणे वेगळे आणि ‘आमच्यात ते नसतातच’ म्हणून हात वर करणे वेगळे.

‘आमची संस्कृती’ म्हणून जेव्हा कायद्यात लिहिले जाते, तेव्हा ते कोण सांगते? १८८० साली पोर्तुगीजांनी गोव्याच्या हिंदूंचे रीतिरिवाज लेखी संहितेत घातले. त्यात हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करायला वाट ठेवली: बायको पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूल झाले नाही तर, किंवा तिशी उलटूनही मुलगा झाला नाही तर. संस्कृतीचा मान राखला म्हणून लोक खूश झाले असतील. पण त्या पंचविशीतल्या बाईची संस्कृती तीच नव्हती का? रिवाज काय, हे तिला विचारून लिहिले असते तर ते कलम असेच आले असते का?

देवदासींचेही तसेच. कलावंत घरातल्या मुलीचा शेंसविधी झाला की तिचे लग्न देवाशी लागले असे धरायचे. माणसाशी लग्न नाही, मुलांना बापाचे नाव नाही. ही देवाची सेवा, हे तिचे कर्तव्य, ही आपली परंपरा, असे देवळाचे कारभारी महाजन सांगत. हे मोडले कोणी? त्याच समाजातल्या राजाराम पैंगीणकरांसारख्या माणसांनी. मुलींची लग्ने लावा, शाळेत घाला, शेंस करू नका, म्हणून ते गावोगाव फिरले, त्यातून गोमंतक मराठा समाज उभा राहिला. त्याच समाजातून आलेले दयानंद बांदोडकर १९६३ साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. आता सांगा, गोव्याची संस्कृती महाजनांची की पैंगीणकरांची? मेसेज लिहिणारा पहिल्यांनाच संस्कृती म्हणतो आणि दुसऱ्यांना पाश्चात्त्यांच्या नादी लागलेले. माझा सगळा वाद इथे आहे.

‘हक्क आले आणि घरे फुटली.’

हे वाक्य बहुतेक वेळा बहिणीच्या वाट्याविषयी असते. गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आणि तो कालपरवा आलेला नाही. पोर्तुगीज दिवाणी संहिता इथे १८७० साली लागू झाली. आईबापांना वारस असताना निम्म्याहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने परस्पर कोणाला देता येत नाही. समान नागरी कायदा गोव्यात आहे म्हणून छाती फुगवणारे मेसेजही त्याच ग्रुपांवर फिरतात, आणि तेव्हा तो कायदा पाश्चात्त्यांचा होता हे कोणाला आठवत नाही.

प्रत्यक्षात काय होते, ते गोव्यातल्या प्रत्येक घराने पाहिले आहे. बहीण चवथीला माहेरी येते. माटोळी बांधायला मदत करते, करंज्या-नेवऱ्या तळते. गणपती पोचवला की दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणतो, जरा कचेरीत जाऊन येऊ, एक सही हवी आहे. बाकावर तिघी-चौघी बहिणी बसलेल्या असतात, कोणी वास्कोची, कोणी बेळगावला दिलेली. कारकून कागद भरभर वाचतो. हक्क सोडला, राजीखुशीने सोडला, काही मोबदला घेतला नाही. राजीखुशीने हा शब्द आला की एखादी मान वर करून भावाकडे बघते. भाऊ मोबाइलकडे बघत असतो. मग सही होते. ‘माहेर हवे की वाटा?’ हे कोणी तोंडाने बोलत नाही, ते तिला लग्नाच्या दिवसापासून माहीत असते.

काही बहिणी खरोखर मनापासून सोडतात, हेही मला ठाऊक आहे. भावाची परिस्थिती बेताची असते, म्हातारी आई त्याच्याकडे असते. ज्याला हक्क आहे त्यालाच तो मोठ्या मनाने सोडता येतो. आमच्याकडे आजोबांच्या मागे भावंडांनी बसून ठरवले आणि आजोबांनी मामलेदाराकडे नाव लावून मिळवलेल्या त्या घराच्या कागदावर दोन्ही आत्यांची नावे राहिली. भांडणे झाली, नाही असे नाही. एका चवथीला धाकटी आत्या आली नव्हती. पुढच्या वर्षी आली.

घरे हक्कांनी फुटली म्हणणाऱ्यांनी एकदा त्या कचेरीतल्या बाकावर बसलेल्या बहिणींना जाऊन विचारावे, की सही करून दिल्यावर माहेरचे बोलावणे किती चवथींना आले.